एन्कार्शिया परभक्षी नाही, आणि भृंग म्हणजे भुंगा नाही

प्रश्न असा आलाय की नारळावरच्या चक्राकार पांढऱ्या माशीला मारणारी एन्कार्शिया ही बारीकशी माशी 'परभक्षी' की 'परोपजीवी', आणि तिला सरळ गांधीलमाशी म्हटलं तर चालेल का.

परोपजीवी. परभक्षी म्हणजे धरून खाणारा, ढालकिडा मावा खातो तसा. तरी शेतीच्या व्हिडिओंत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ऐकून डोकं फिरतं. एन्कार्शिया पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते, आतली अळी त्या पिल्लाला आतूनच खाऊन टाकते आणि मग पाठीला गोल भोक पाडून नवी एन्कार्शिया बाहेर येते (पांढरी माशी स्वतः बाहेर पडली असेल तर गोल भोक नसतं, इंग्रजी टी सारखी चीर असते).

आता खरी गंमत, याच्यासारखीच गोष्ट सांगणारा कीटकभृंगन्याय! कीर्तनात ऐकलाच असेल, भृंग अळीला घरात कोंडतो आणि त्याच्या ध्यासाने अळीच भृंग होते. इथे अर्थ सांगणारे बरेच जण भृंग म्हणजे भुंगा असं सांगून मोकळे होतात. अहो, भृंगचाच भुंगा झाला हे मान्य, पण भुंगा लाकूड पोखरून पिल्लांसाठी पराग साठवतो, तो अळी कशाला आणेल? डंख मारून अळी बधिर करते, मातीच्या घरात कोंडते आणि त्याच घरात अंडंही घालते ती कुंभारीण माशी, गांधीलमाशीची बहीण. माझं तर ठाम मत आहे की भृंग हे आधी अशा सगळ्याच गुणगुणणाऱ्या काळ्या किड्यांचं नाव असणार, कवींनी कमळ दाखवून ते एकट्या भुंग्याला देऊन टाकलं. ज्याने हा न्याय रचला त्याने डोळ्यांनी नीट पाहिलं होतं, आत गेली अळी, बाहेर आली माशी, मधलं अंडं तेवढं दिसलं नाही.

१९२६ मध्ये इंग्लंडमधल्या एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीच्या पांढऱ्या कोषांत काही काळे कोष दिसले, ते त्याने कीटकशास्त्रज्ञाला दाखवले, तर त्यातून एन्कार्शियाचीच एक जात, एन्कार्शिया फॉर्मोसा निघाली. पांढऱ्याचं काळं होऊन आतून भलतीच माशी, म्हणजे कीटकभृंगन्यायच की हा! पुढे तिथल्या संशोधन केंद्राने ती वाढवून ग्रीनहाऊसवाल्यांना पुरवली.

हां, गांधीलमाशी. नातं खरंय, पण ही जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरची, माणसाला चावत नाही. गांधीलमाशी म्हटलं की बागायतदार आधी फवारणीचा पंप काढणार, आणि त्या फवाऱ्यात पहिली हीच मरते. परोपजीवी माशी म्हणा, नाहीतर एन्कार्शियाच म्हणा.