पंडुरोग, रक्तपांढरी की ॲनिमिया?

प्रश्न असे आहेत: ॲनिमिया, ल्युकेमिया, थॅलॅसेमिया या सगळ्यांच्या शेवटी 'एमिया' का येतं? ॲनिमियाला मराठीत पंडुरोग म्हणावं की रक्तक्षय? आणि हिमोग्रामच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या कागदावर पीसीव्ही टक्क्यांत असतो, मग डॉक्टर 'एक पीसीव्ही आणा' असं का सांगतात?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ग्रीक भाषेत 'हाइमा' म्हणजे रक्त. तो शब्दाच्या सुरुवातीला आला की 'ह' टिकतो: हिमोग्लोबिन, हिमोफिलिया, हॅमरेज. शेवटी गेला की 'ह' गळतो आणि 'एमिया' उरतो. (यातल्या 'हिम'चा आपल्या बर्फाच्या हिमाशी काही संबंध नाही.) एवढं हाताशी असलं की लांबलचक नावंही सुटी करता येतात. हायपोग्लायसेमिया: हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे साखर, एमिया म्हणजे रक्तात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, 'ल्युकोस' म्हणजे पांढरा. हे नाव फिरखो या जर्मन डॉक्टरने १८४७ मध्ये दिलं. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या नावातला 'थालासा' म्हणजे चक्क समुद्र. सुरुवातीला लक्षात आलेले रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांतले होते, म्हणून व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी १९३२ मध्ये हे नाव वापरलं. आपल्याकडे सिंधी, लोहाणा अशा समाजांत हा आजार जास्त आढळतो. त्यांचा त्या समुद्राशी संबंध नाही, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. बुलिमिया (खाण्यावर ताबा न राहण्याचा विकार) मात्र या कुळातला नव्हे. त्यातला 'लिमोस' म्हणजे भूक.

आता ॲनिमिया. इथला 'अन्' आणि आपल्या अनिच्छा, अनपेक्षित यांतला 'अन्' एकाच मुळाचे. म्हणजे शब्दशः अर्थ 'रक्त नसणं'. आपल्याकडच्या बायका पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात आणि म्हणतात, "अगं, अंगात रक्तच नाही हिच्या." ग्रीकांनीही नेमकी हीच अतिशयोक्ती केली होती, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. पण रक्त असतं. कमी असतं ते हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ते प्रौढ पुरुषात डेसिलिटरला १३ ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदरपणी ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५) ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया. 'रक्त कमी आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता रक्त चढवावं लागणार, नाहीतर लाल दिसतं ते बीट खायला घालायचं. बिटाचा लाल रंग लोहाचा नसतो. आणि मूळ कारण लोहाची कमतरता आहे, बी१२ची आहे, आतड्यातला आकडीकृमी आहे की सिकलसेल, हे शोधायचं राहूनच जातं.

पंडुरोग हा शब्द जुना आणि मानाचा. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय पांडुरोगाचाच आहे. पण पांडु म्हणजे पिवळसर फिकट, आणि त्याच अध्यायात कामलाही येते, म्हणजे आपली कावीळ. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात पांडुचा एक अर्थ कावीळ असाच दिला आहे. ही सरमिसळ कमी लेखू नये. रक्तपित्त म्हणजे आयुर्वेदात नाकातोंडातून वगैरे रक्त जाण्याचा विकार, आणि मराठीत त्याचं रक्तपिती झालं तेव्हा लोक महारोगाला रक्तपिती म्हणू लागले. जुना शब्द उचलताना त्याच्यासोबत काय काय येतं ते बघावं लागतं.

रक्तक्षय मला पटत नाही. 'क्षय' कानावर पडला की घरात टीबीचीच धास्ती बसते. रक्तपांढरी हा शब्द लोकांच्या तोंडचा आहे, ऐकताक्षणी समजतो आणि मला आवडतोही. अडचण एकच: त्याचा शब्दशः अर्थ 'पांढरं रक्त', आणि ल्युकेमियाचाही नेमका तोच! दोन आजारांत जमीनअस्मानाचा फरक. म्हणून माझं मत असं की लिहिताना ॲनिमिया लिहावं, कंसात रक्तपांढरी द्यायला हरकत नाही, आणि माणसाशी बोलताना सरळ 'हिमोग्लोबिन कमी झालंय' म्हणावं. हिमोग्लोबिन हा शब्द आता खेड्यापाड्यांत रुळला आहे.

असाच गोंधळ डेंगीच्या दिवसांत होतो. "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, वीस हजारांवर आल्या," असं लोक सांगतात तेव्हा त्यांना प्लेटलेट म्हणायचं असतं. पुस्तकातला शब्द रक्तपट्टिका, तो बोलण्यात उतरला नाही. पांढऱ्या पेशी वेगळ्या: त्या मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात, तर प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. वीस हजार पांढऱ्या पेशी म्हणजे त्या वाढलेल्या, आणि वीस हजार प्लेटलेट म्हणजे धोक्याच्या पातळीला घसरलेल्या. डेंगीत बहुधा दोन्ही उतरतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. फोनवर नातेवाइकाला आकडा सांगताना प्लेटलेट हाच शब्द वापरा.

आणि पीसीव्ही. पूर्ण रूप पॅक्ड सेल व्हॉल्यूम. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाला दाटून बसतात. एकूण उंचीत त्यांचा वाटा किती टक्के, तो पीसीव्ही. काही लॅब यालाच हिमॅटोक्रिट म्हणतात. हल्ली यंत्र तो बहुधा पेशींची संख्या आणि सरासरी आकार यांवरून हिशेबानेच काढतं. रक्तपेढीतही असंच होतं: दान केलेल्या रक्तातून रक्तद्रव वेगळा काढला की पिशवीत दाट तांबड्या पेशी उरतात. तिचं नीट नाव पॅक्ड रेड सेल्स, पीआरबीसी. पण वॉर्डच्या बोलीत मोजमापाचं नाव पिशवीलाच लागलं, आणि 'दोन पीसीव्ही लावा' रूढ झालं. तेव्हा आकड्यापुढे टक्के असतील तर तो तपासणीचा निकाल. रक्तपेढीच्या चिठ्ठीवर, शेजारी एफएफपी म्हणजे गोठवलेला ताजा रक्तद्रव किंवा एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट असं काही असेल, तर पिशवी. मोठ्या माणसात अशा एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं.