क्रिकेटच्या पॅडमधली पाकिटे

“मॅडम, माझ्या मुलाला व्यसन लागलंय,” असे म्हणून एका आईने माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली, तेव्हा क्षणभर माझ्या मनात भलतेच आले. पिशवीत चिप्सची आणि इन्स्टंट नूडल्सची रिकामी पाकिटे होती. घर आवरताना ती मुलाच्या जुन्या क्रिकेट पॅडच्या उसवलेल्या अस्तरात सापडली होती. प्रत्येक पाकिटाची उभी घडी घालून बारीक पट्टी केलेली आणि तिला गाठ मारलेली, म्हणजे ते चुरचुर वाजणार नाही. ती गाठ पाहून मला खाण्याइतकीच लपवण्याची काळजी वाटली.

मुलगा आठवीतला, त्याला इथे ओंकार म्हणू या, नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. एप्रिलमध्ये शाळेच्या तपासणीत वजन जास्त निघाले आणि त्या दिवसापासून घरात बंदी लागू झाली. बिस्किटे बंद, फरसाणाचा डबा माळ्यावर, वाढदिवसाला केकऐवजी फळे. भरीला आजी लाडाने ‘गोल्या’ म्हणत आणि वडील रात्री जेवताना म्हणत, “आधी आरशात बघ, मग तिसरी पोळी घे.” आईचा प्रश्न मात्र अनेक पालक विचारतात तोच होता: घरचे चांगलेचुंगले सोडून मूल पाकिटांवर तुटून पडते, हे व्यसन नाही तर काय?

असे कुणी सांगितले की काही गोष्टी मी आधी विचारून घेते. जेवणानंतर मूल उलटी काढते का, जेवण टाळते का, वजन झपाट्याने उतरले आहे का, खायला लागल्यावर थांबताच येत नाही असे ते स्वतः म्हणते का? यातले काही असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवण्यात मी एक दिवसही घालवत नाही. ओंकारच्या बाबतीत तसे काही नव्हते. तरीही वजनाचा निर्णय माझा नव्हे, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. उंची वाढण्याचे वय आहे, वजन उतरवण्याच्या मागे लागू नका, ते आहे तिथे राहिले तरी पुरे, असे डॉक्टरांनी सांगितले. आईला ते ऐकायला अवघड गेले.

पहिली चूक मात्र माझीच झाली. मी ओंकारला आठवडाभर काय खाल्ले ते वहीत लिहून आणायला सांगितले. त्याने आणलेल्या वहीत सातही दिवस पालेभाजी, दोन पोळ्या, काकडी आणि ताक होते. सगळे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले. शुक्रवारी तर ताक दोनदा होते. मी म्हटले, “इतकं शहाण्यासारखं मीसुद्धा खात नाही रे.” तो हसला आणि मग बोलू लागला. ज्या मुलाच्या ताटावर घरात पहारा होता, त्याच्या हाती मी आणखी एक पहारेकरी दिला होता, हे माझ्या उशिराने ध्यानात आले.

त्याच्या तोंडून दिवस ऐकला तेव्हा बराच उलगडा झाला. शाळा सकाळी सातची, डबा साडेनऊला. दीड वाजता घरी आल्यावर झाकून ठेवलेले गार जेवण एकट्याने, टीव्हीसमोर, अर्धेमुर्धे. साडेचार ते साडेसात क्लास. वडील आल्यावर सर्वांचे एकत्र जेवण साडेनऊला. म्हणजे वाढीच्या ऐन वयातला मुलगा दीडपासून साडेनऊपर्यंत जवळजवळ उपाशी, खिशात 20 रुपये आणि क्लासच्या जिन्याखाली दुकान. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. पण तो शाळेसाठी, आणि आमची मुले संध्याकाळी असतात क्लासमध्ये.

वडिलांचे म्हणणे होते की मुलात निर्धार नाही. त्यांना मी 2019 मधला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 20 प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे चिप्स-नूडल्ससारखे कारखान्यात बनलेले, आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, मीठ, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण जुळते ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. मोठ्यांची ही कथा, तर भुकेल्या चौदा वर्षांच्या मुलाकडून निर्धाराची अपेक्षा कशी करायची? वडील त्यावर काही बोलले नाहीत, पण आरशाचे वाक्य त्या दिवसापासून बंद झाले असे आईकडून कळले.

ओंकारला मी तब्येतीवर व्याख्यान दिले नाही. त्याला पाकिटांचे भाव आणि वजने तोंडपाठ होती, तेव्हा पाकिटाची मागची बाजूच वाचायला घेतली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात हे त्याला नवीन होते. त्याच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम होते आणि पाकीट 50 ग्रॅमचे. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. त्याने हिशेब केला, एक ग्रॅम आले. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत राहावे, हे सांगितल्यावर तो एवढेच म्हणाला, “म्हणून नंतर तहान लागते.”

घरात बदल दोनच ठरले. एक, चार वाजता पोटभर खाणे, तेही त्याने निवडलेले: कधी मटकीची उसळ, कधी उकडलेली अंडी, कधी दडपे पोहे, जे तो स्वतः करायला शिकला. दुसऱ्यावर आईशी माझी दोन बैठका हुज्जत झाली. शनिवारी त्याच्या आवडीचे एक पाकीट घरात उघडपणे आणायचे, वाडग्यात काढायचे, सर्वांनी बसून खायचे आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही. “म्हणजे विष मीच हाताने आणून द्यायचं?” त्यांचा संताप मला समजत होता. पण समोर दिसणाऱ्या आवडत्या खाऊला हात लावू दिला नाही, तर मुलांचे लक्ष त्याच्यावरच खिळते, हे लहान मुलांवरच्या प्रयोगांतही दिसले आहे. आणि त्यांच्या घरात तर पुरावा पिशवीभर होता. काय रांधायचे आणि कधी वाढायचे ते आईवडिलांनी ठरवावे, त्यातले किती खायचे ते मुलाच्या पोटाने ठरवावे, एवढीच वाटणी मी सुचवत होते. अखेर त्या तयार झाल्या, पण ‘एक महिना बघते’ या बोलीवर.

महिन्याचे तीन झाले. कारल्याला ओंकार अजून हात लावत नाही आणि क्लासखालच्या दुकानात आठवड्यातून एकदोनदा जातोच. ते त्याने मला आपण होऊन सांगितले. परवा आईचा फोन आला, आवाज चढलेला. म्हणाल्या, “मॅडम, काल रिकामं पाकीट सरळ जेवणाच्या टेबलावर टाकून गेला हो! कचऱ्याच्या डब्यात टाकायला काय होतं याला?”