'फ्लो चॅनेल'ला नलिका म्हणावं का?

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज तयार करणाऱ्या हायड्रोजन इंधन घटाबद्दल मराठीत लिहिताना 'फ्लो चॅनेल'ला, म्हणजे घटात वायू ज्या वाटांनी फिरतो त्यांना, 'वायुनलिका' म्हणणं बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. मला तो शब्द पटत नाही. मी 'चर' म्हणेन.

नळी, नलिका, रक्तवाहिनीतली वाहिनी, या सगळ्या चहूबाजूंनी बंद. एका टोकाने शिरलेलं दुसऱ्या टोकानेच बाहेर पडायचं. घटातल्या प्लेटवर मात्र साधारण १ मिलिमीटर रुंदीचे उघडे चर कोरलेले असतात आणि त्यांचं तोंड एका सच्छिद्र थराला टेकलेलं असतं. वायू पुढे सरकता सरकता त्या थरात झिरपतो. झिरपावा म्हणूनच तर हे चर कोरतात! 'नलिका' म्हटलं की ही उघडी बाजूच वाचकाच्या डोळ्यांपुढून जाते. (हा 'चर' उच्चारताना 'चमचा'तला नव्हे, 'चाक'मधला च.)

दोन चरांमधल्या उंचवट्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: वरंबा. थराला टेकलेल्या या वरंब्यांतूनच वीज वाहते. मग सरी-वरंब्यातली 'सरी'च का घेऊ नये? सरीला फाटे फुटत नाहीत म्हणून. निसर्गावरून बेतलेल्या चरांच्या रचनांचा तर सगळा भर फाट्यांवर असतो. पानाच्या शिरा घ्या, किंवा फुप्फुसातल्या श्वासनलिका, ज्यांना एकापुढे एक सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. फाटा किती अरुंद करायचा हे ठरवताना शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेसिल मरे यांचा रक्तवाहिन्यांविषयीचा १९२६चा नियमही वापरतात: एका वाहिनीच्या दोन सारख्या शाखा झाल्या, तर प्रत्येकीचा व्यास मूळ व्यासाच्या सुमारे ७९ टक्के. श्वासनलिका खऱ्याच नलिका आहेत, पण प्लेटवर उतरतं ते त्यांचं फाटे फुटणं. त्यांचं बंद असणं उतरत नाही.

प्लेटवरच्या सगळ्या चरांच्या मांडणीला, म्हणजे 'फ्लो फील्ड'ला, 'प्रवाहक्षेत्र' म्हटलं की चुंबकीय क्षेत्र आठवतं. वनस्पतिशास्त्रात पानातल्या शिरांच्या मांडणीसाठी 'शिराविन्यास' आहेच, त्याच धर्तीवर 'चरविन्यास' म्हणता येईल. वळणं घेत जाणाऱ्या 'सर्पेंटाइन' चरासाठी तर 'नागमोडी'इतका नेमका शब्द शोधूनही मिळणार नाही.

आणि 'फ्लडिंग'साठी 'पूर' नको. पूर बाहेरून येतो. इथे ऑक्सिजनच्या बाजूला घटातच पाणी तयार होतं, त्याचे थेंब अडकतात आणि वायूची वाट बंद होते. अशा वेळी मराठी माणूस एवढंच म्हणेल: चर तुंबला.