तुझ्या पहिल्या कार्डिगनसाठी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. विणायला बसलं की पाच मिनिटांत कुणीतरी हाक मारतं आणि परत येईपर्यंत कुठल्या ओळीवर थांबलो होतो तेच आठवत नाही, असं तू लिहिलं आहेस. वसंतात घालता येईल असा हलका कार्डिगन हवा आहे, पण सलग दोन तास कधी मिळत नाहीत, तर सुरुवात करावी की नाही, हा तुझा प्रश्न. करावी. मात्र सलग वेळ मिळेल या आशेवर बेत आखू नकोस. घर आता चालतं तसंच पुढेही चालणार, हे धरून लोकर निवड, वीण निवड, कामाचे तुकडे पाड. कार्डिगन पुरा होणार की पिशवीत पडून राहणार, हे पुष्कळसं सुया हातात घेण्याआधीच ठरतं.

आधी धागा. वसंत म्हटलं की सगळे सुताकडे धावतात. सूत गार लागतं, धुवायला सोपं, हे खरं. पण त्याला लवचीकपणा जवळजवळ नसतो आणि ते जड असतं. निव्वळ सुताचा लांब कार्डिगन स्वतःच्याच वजनाने खाली ओघळत जातो, कोपरं आणि खिसे लोंबतात. लोकरीच्या तंतूला अंगचे बारीक कुरळे असतात, म्हणून ती ताणली तरी परत जागेवर येते. शिवाय आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल ती ओलसर न लागता शोषून घेते. वसंतात सकाळी गारवा असतो आणि दुपारी ऊन, तेव्हा हा गुण फार उपयोगी पडतो. माझं मत विचारशील तर सूत आणि मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, यांचं मिश्रण घे. नुसती बारीक मेरिनोही चालेल. बांबूचा धागा हाताला रेशमासारखा लागतो, पण पहिल्या कार्डिगनसाठी तो नको. तो घसरतो आणि वापरात लांबतो.

जाडीचा विचार वेळेशी जोडून कर. फोर-प्लाय या बारीक धाग्यात ३.२५ मि.मी.च्या सुयांवर १० सें.मी.त साधारण २८ टाके बसतात, तर डीके या त्याहून जाड धाग्यात ४ मि.मी.च्या सुयांवर २२. छातीशी ९५ सें.मी. घेराचा कार्डिगन धरला, तर पहिल्यात सगळ्या घेराचे मिळून २६६ टाके होतात, दुसऱ्यात २०९. हा फरक ओळीगणिक साठत जातो. फोर-प्लायचं कापड सुंदर होतं, पण ज्या घरात ओळ पुरी होण्याआधी तीनदा उठावं लागतं तिथे मी डीकेच सांगेन. गुंडे घेताना प्रत्येकाच्या वेष्टनावरचा रंगाचा लॉट क्रमांक, म्हणजे कुठल्या घाण्यात तो रंगवला त्याचा आकडा, एकच आहे ना ते बघ, आणि हिशेबापेक्षा एक गुंडा जास्तीचा घे. नंतर आणलेल्या वेगळ्या लॉटचा पट्टा अंगावर घातल्यावर हमखास दिसतो. घ्यावाच लागला तर जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळींनी आलटून पालटून वापर, म्हणजे रंगाची सीमा विरून जाते.

आता नमुन्याचा चौकोन, म्हणजे टाक्यांचं माप बघायला आधी विणायचा लहान तुकडा. हा सगळ्यांना टाळावासा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. १० सें.मी. मोजायचे असले तरी चौकोन निदान १५ सें.मी.चा विण, कारण कडेचे टाके ओढलेले असतात आणि खोटं माप देतात. विणल्यावर लगेच मोजू नकोस. कार्डिगन जसा धुशील तसाच तो धू, सपाट वाळव आणि मगच मधले १० सें.मी. मोज. सुताचा चौकोन धुतल्यावर बदलतोच, आणि तो बदल कार्डिगनमध्ये कळण्यापेक्षा चौकोनात कळलेला बरा. २२ ऐवजी २१ टाके आले तर एका टाक्याने काय होतंय असं वाटेल. पण २०९ टाके २१च्या हिशेबाने मांडले तर घेर ९५ ऐवजी साडेनव्याण्णव सें.मी. भरतो. तेव्हा सुई पाव किंवा अर्ध्या मि.मी.ने बारीक करून दुसरा चौकोन विण. अंदाजाने हात घट्ट धरून विणू नकोस; हात घाईत सैल होतो, काळजीत आवळतो, आणि घरात दोन्ही प्रसंग रोजचे.

तुझ्या मूळ अडचणीकडे येते. घरातला मोकळा वेळ सगळा एका जातीचा नसतो. स्वयंपाक चालू असताना, कुणाचा अभ्यास घेताना, फोनवर बोलताना हात रिकामे असतात पण लक्ष दुसरीकडे हवं असतं. आणि सगळे झोपल्यावर किंवा कुणी उठण्याआधी थोडा वेळ असा असतो की त्यात कान, डोळे आणि डोकं तुझं एकटीचं किंवा एकट्याचं असतं. कार्डिगनमधल्या कामाच्याही अशाच दोन जाती आहेत. पाठीच्या साध्या ओळी, एक सुलट एक उलट, न बघताही होतात. मुंढ्याचा घाट, गळ्याचा उतार, काजं, टाके उचलणं ही कामं मोजून करावी लागतात. लक्ष दुसरीकडे असताना गळा विणू नकोस आणि निवांत घटका साध्या ओळींवर खर्चू नकोस. एवढं जरी पाळलंस तरी निम्मं उसवणं वाचेल.

म्हणूनच मी तुला वरून खाली एकसंध विणायचा कार्डिगन सुचवत नाही. त्याचे गुण मला मान्य आहेत: शिवण नाही, मधेच अंगाला लावून बघता येतं. पण शेवटाकडे अख्खा कार्डिगन मांडीवर असतो आणि बाहीची प्रत्येक फेरी घेताना तो सगळा फिरवावा लागतो. पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या असे पाच तुकडे घे. तुकडा लहान असतो, उठताना चटकन बाजूला ठेवता येतो, कुठेही नेता येतो. आणि सूत मिसळलेल्या धाग्यात खांद्याची आणि बाजूची शिवण कापडाला आधार देते, ओघळू देत नाही.

सुरुवात पाठीपासून करायची पद्धत आहे. तू बाहीपासून कर. बाही म्हणजे दुसरा, मोठा नमुनाच. माप चुकत असेल तर थोडक्यात कळतं. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी बरोबरच विण. मग एक लांब आणि एक आखूड व्हायचं कारणच उरत नाही. हिशेब असा मांडायचा: मनगटाशी २० सें.मी. म्हणजे ४४ टाके, दंडाशी ३२ सें.मी. म्हणजे ७० टाके. वाढवायचे २६, दर वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे १३ वेळा. मनगटाची पट्टी सोडून लांबी ३८ सें.मी. असेल आणि १० सें.मी.त २८ ओळी बसत असतील तर एकूण साधारण १०६ ओळी होतात. तेव्हा दर आठव्या ओळीला टाके वाढवायचे. तुझी मापं वेगळी येतील, रीत हीच. पुढचे दोन भागही असेच जोडीने विण, फक्त घाट एकमेकांच्या उलट बाजूला येईल हे ध्यानात ठेव.

वीण साधी ठेव. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलेलं कापड कडांना गुंडाळतं, म्हणून खाली ५ सें.मी. पट्टी हवीच; तिच्यात एकाच ओळीत एक टाका सुलट, एक उलट असं विणायचं. नक्षीची हौस असेल तर पुढच्या कडेलगत जाळीचा एक उभा पट्टा घे. जाळी अशी निवड की सुलट बाजूच्या ओळीतच नक्षी असेल आणि परतीची ओळ सगळी उलट. सुईवर दोरा घेतला की टाका वाढतो, दोन टाके एकत्र विणले की घटतो. म्हणून ओळ संपल्यावर पट्ट्यातले टाके तेवढेच भरायला हवेत. मोजायला काही क्षण लागतात आणि चूक त्याच ओळीत सापडते. जाळी सुरू करण्याआधी आणि मुंढ्याआधी शिवणाच्या सुईने एक गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेव. पुढे उसवायची वेळ आली तर काम तिथे अडतं, टाके गळत नाहीत.

हाक आली तर ओळ पुरी करून उठ. ते शक्यच नसेल आणि ओळीच्या मधे ठेवावं लागलं, तर परत आल्यावर गोंधळू नकोस: दोरा ज्या सुईला लटकतो आहे ती उजव्या हातात. मात्र ओळीच्या मधे दिवसच्या दिवस ठेवू नकोस, तिथले टाके ताणून मोठे होतात आणि खूण राहते. ओळींचा हिशेब कागदावर ठेव. आठवणीवर, विशेषतः दिवसभराच्या थकव्यानंतर, विसंबू नये. दर दहाव्या ओळीला कडेच्या टाक्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवलास तर कागद हरवला तरी कापडच ओळी सांगेल. आणि सपाट तुकडे विणायचे असले तरी लवचीक तारेने जोडलेली गोलाकार सुई घे. वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. शेजारी बसलेल्याला लांब सुया टोचत नाहीत. एक सुई पलंगाखाली जाऊन हरवत नाही. घरात लहान मूल असेल तर टोकांना टोप्या आणि पिशवीला तोंड आवळायची नाडी, यात हयगय नको.

चुकांबद्दल तू फार घाबरून लिहिलं आहेस. एखादा टाका सुटला तर ओळी उसवायची गरज नाही. क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर चढवत आणता येतो. सुलटच्या जागी उलट झाला असेल तर तेवढाच एक टाका मुद्दाम खाली सोडून परत वर विणायचा. संख्या चुकली किंवा घाट चुकला तर मात्र उसव, आणि त्याच दिवशी उसवू नकोस. रात्री उशिरा, चिडलेल्या मनाने ओढलेल्या धाग्यात नेमकं जास्त उसवलं जातं. तुकडा हातभर लांब धरून बघ. चूक तिथून दिसत नसेल आणि मापात फरक पडत नसेल, तर ती राहू दे.

नवा गुंडा नेहमी ओळीच्या कडेला जोड, १५ सें.मी. टोक सोडून, ते शिवणीत लपतं. मनगट दुखायला लागलं तर ओळ संपवायचाही हट्ट धरू नकोस. अर्ध्या तासाने सुया ठेवून बोटं पसरायची, खांदे सोडायचे, ही सवय पहिल्यापासून लाव. दुखऱ्या हाताने विणलेलं कापड एकसारखं येतच नाही, आणि हात तुला पुढेही लागणार आहेत.

तुकडे पुरे झाले की शिवण्याआधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने भिजव, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि मापाप्रमाणे सपाट पसरून वाळव. ओलं विणकाम दोरीवर कधीही टांगायचं नाही. मग खांदे, बाह्या, बाजू शिव आणि शेवटी बटणपट्टी घे. पुढच्या कडेने दर चार ओळींमागे तीन टाके उचलायचे. जास्त उचललेस तर पट्टीला लाटा येतात, कमी उचललेस तर ती कड वर ओढते. काजं नसलेली पट्टी आधी विण, तिच्यावर बटणांच्या जागा दोऱ्याने खुणावून घे आणि त्या बघून दुसऱ्या पट्टीवर काजं पाड. बटणं त्याआधी हातात असू देत, म्हणजे काज केवढं हवं याचा अंदाज करावा लागत नाही.

वसंत सुरू व्हायच्या आत पुरा होईल का, हे मी सांगू शकत नाही. थंडी भरात असतानाच सुरुवात केलीस तर शक्यता चांगली. नाही झाला तरी संध्याकाळच्या गारव्यात तो चालेलच, आणि पुढच्या वसंताला तयार असेल. तारीख ठरवून स्वतःला जाचू नकोस.

आता तू एवढंच कर: धागा आणून चौकोन विण, धू, वाळव आणि मला तीन आकडे लिहून पाठव. १० सें.मी.त टाके किती, ओळी किती, आणि तुझा मनगटापासून बगलेपर्यंतचा हात किती लांब. सोबत मनगट आणि दंडाचा घेरही लिही. बाहीचा हिशेब आपण दोघं मिळून मांडू, तोपर्यंत टाके घालू नकोस.

तुझी,
मावशी