वाफेतून पार झालेले पॉझिट्रॉन

प्रश्न : पेट स्कॅनमध्ये शरीरात पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण धनभारित कण) सुटतात आणि इलेक्ट्रॉन भेटताच नष्ट होतात, असं वाचलं. मग पाण्याच्या रेणूंवरून पॉझिट्रॉन किती विखुरतात, हे मोजतात कसं? भेटताच संपणारा कण विखुरणार कधी? आणि या प्रयोगात पाण्याऐवजी वाफ का घेतात?
– भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : ‘भेटताच नष्ट होतो’ हे फार घाईने लिहिलेलं वाक्य आहे. रेणूजवळून जाणारा पॉझिट्रॉन बहुतेक वेळा नुसता वळतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि पुढे जातो. थेट नष्ट होणं त्या मानाने फार विरळ. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरीन-18 मधून निघालेला पॉझिट्रॉन संपण्याआधी पाण्यात सरासरी अर्धा मिलिमीटर किंवा थोडा जास्त सरकतो, आणि तेवढ्यात त्याच्या असंख्य टकरी झालेल्या असतात. त्या एकेका टकरीचा हिशेब हवा, म्हणून वाफ. द्रवात एका रेणूकडून सुटला की लगेच दुसरा समोर. मोजायचं कुणाचं? वाफ मात्र इतकी विरळ ठेवता येते, वातावरणाच्या दाबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकी, की बहुतेक पॉझिट्रॉन एकदाच आपटतात किंवा आपटतच नाहीत.

या मोजमापात माझी काही वर्षं गेली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते. पॉझिट्रॉन मिळतात सोडियम-22 पासून. त्याचं अर्धायुष्य 2.6 वर्षं. पण ते फार वेगवान असतात, म्हणून त्यांना टंगस्टनच्या पातळ पत्र्यावर सोडतात. दहा हजारांतले जेमतेम मूठभर पॉझिट्रॉन काही इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) इतक्या कमी ऊर्जेने बाहेर पडतात. तेवढ्यांवरच सगळा प्रयोग चालतो. त्यांचा झोत वाफेच्या कोठडीतून न्यायचा आणि पलीकडे किती पोचले ते मोजायचं.

समजा, कोठडी रिकामी असताना 1000 पोचत होते आणि वाफ सोडल्यावर 700 पोचले. दाब दुप्पट केला तर 400 नव्हे, 490 पोचायला हवेत, कारण उरलेल्या 700 मधले पुन्हा 30 टक्केच गळतात. आकडा 490 च्या आसपास आला नाही, तर आधी यंत्रात खोट शोधायची. आला, तर रेणूंची घनता आणि कोठडीची लांबी वापरून एका रेणूचा काटछेद, म्हणजे पॉझिट्रॉनला तो केवढा ‘दिसतो’ ते क्षेत्रफळ, काढता येतं.

ही घनता काढणं हे पाण्याच्या बाबतीत खरं दुखणं. आर्गॉन सोडला की दाब लगेच स्थिरावतो. पाणी धातूच्या भिंतींना चिकटतं आणि सावकाश सुटतं. पहिल्या उन्हाळ्यात माझे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नव्हते. पंधरा दिवस मी पॉझिट्रॉनच्या झोतालाच दोष देत होते. चूक माझी होती : झडप उघडल्यावर दाब अजून चढत असताना मी मोजणी सुरू करत होते. नंतर भिंती वाफेने भरेपर्यंत थांबायची सवय लावून घेतली.

पाण्यात विरघळलेली हवाही काढावी लागते. काचेच्या फुग्यात पाणी घ्यायचं, एक तृतीयांशाहून कमी, नाहीतर बर्फ फुगून काच तडकते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, वरची हवा पंपाने ओढायची, झडप बंद करून वितळू द्यायचं. पहिल्या खेपेला बर्फ वितळताना बुडबुड्यांची झुंबड उठते. दुसऱ्या खेपेला तुरळक. तिसऱ्या खेपेला पाणी गुपचूप वितळतं. हे बघायला मला फार आवडायचं.

ऊर्जा 5.8 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली की आणखी एक वाट उघडते. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला 12.6 लागतात, पण पॉझिट्रॉनने तो इलेक्ट्रॉन सोबत घेऊन पॉझिट्रॉनियमची जोडी जमवली तर 6.8 परत मिळतात. तुम्ही वाचलेलं नष्ट होणं बरंचसं या जोडीतूनच घडतं. तिचं एक रूप निर्वातात सुमारे 142 नॅनोसेकंद टिकतं.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पाण्याचा रेणू विद्युत द्विध्रुव आहे, म्हणजे त्याची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण, त्यामुळे तो लांबूनही पॉझिट्रॉनला किंचित वळवतो. असा दोन-तीन अंशांनी वळलेला कण पलीकडच्या छिद्रातून सरळ निघून जातो आणि आपण त्याला ‘न आपटलेला’ म्हणून मोजतो. म्हणून मोजलेला काटछेद खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि ऊर्जा जितकी कमी तितकी ही तूट मोठी. दोन प्रयोगशाळांचे आकडे वेगळे आले, तर कुणी चुकलं असं लगेच समजू नका; एकीचं छिद्र अरुंद असेल, दुसरीचं रुंद. तूट भरून काढायला कोणत्या कोनात किती विखुरतात याची सैद्धांतिक गणितं वापरतात. आपलं यंत्र किती अंशांपर्यंतचे कण ओळखू शकत नाही, हे ज्या शोधनिबंधात दिलेलं नाही, त्यातला कमी ऊर्जेचा आकडा मी गणितात घेत नाही. तुम्ही असे निबंध वाचायला लागलात, तर आलेखाआधी तो कोन शोधा.