रॅबिटएमक्यू: मेसेज गायब, लॉग मात्र स्वच्छ

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. मला समजलं ते असं: मडगावची तुमची होमस्टे बुकिंग सेवा रॅबिटएमक्यूवर, म्हणजे एका प्रोग्रॅमचे मेसेज दुसऱ्याला पोचवणाऱ्या ब्रोकरवर, टॉपिक एक्स्चेंजमध्ये मेसेज टाकते आणि हिशेब सेवा ते आपल्या क्यूमधून (रांगेतून) उचलते. प्रत्येक मेसेजवर टिंबांनी जोडलेल्या शब्दांची एक रूटिंग की असते, ती ज्या क्यूच्या पॅटर्नशी जुळते त्या क्यूत मेसेज पडतो. काणकोण तालुक्यातली बरीच बुकिंग्ज हिशेबात येत नव्हती, म्हणून तुम्ही 'बुकिंग.*.नवे' हा पॅटर्न काढून 'बुकिंग.#' घातलात. मग रद्द झालेली बुकिंग्जसुद्धा येऊ लागली. पॅटर्न परत आवळून सेवा रीस्टार्ट केलीत, तरी रद्दवाली थांबत नाहीत. वर गेल्या आठवड्यापासून बार्देश तालुक्यातलीही अधूनमधून गायब. एरर कुठेच नाही.

एरर येणारही नाही. टॉपिक एक्स्चेंजवर आलेला मेसेज कुठल्याच क्यूच्या पॅटर्नशी जुळला नाही, तर ब्रोकर तो मुकाट्याने टाकून देतो. पाठवणाऱ्याने मँडेटरी फ्लॅग (न जुळल्यास परत द्या अशी खूण) लावला असेल तरच परत करतो. त्यामुळे कॉन्फिगची फाइल पुनःपुन्हा वाचून उपयोग नाही. फाइलीत तुम्हाला काय हवंय ते असतं, ब्रोकरकडे काय नोंदलंय ते वेगळं असू शकतं. पोर्ट १५६७२ वरचं मॅनेजमेंट पान उघडा, हिशेबाच्या क्यूवर जा आणि बाइंडिंग्ज (क्यूला जोडलेले पॅटर्न) व कन्झ्युमर्स (क्यूमधून मेसेज घेणारे) हे दोन तक्ते बघा. तिन्ही दुखण्यांची मुळं तिथेच दिसतील.

पहिलं काणकोण. तारा (*) म्हणजे बरोबर एक शब्द, आणि शब्द कुठे संपतो ते टिंब ठरवतं. 'बुकिंग.बार्देश.नवे' जुळतं. पण काणकोणसाठी तुम्ही तालुक्यापुढे गावही घालता, मग 'बुकिंग.काणकोण.आगोंद.नवे' झालं, शब्द चार, जुळणार कसं? मधे '#' घाला: 'बुकिंग.#.नवे'. हॅश शून्य किंवा कितीही शब्द घेतो, म्हणून तालुका, तालुका-गाव, दोन्ही चालतात आणि रद्दवाली बाहेर राहतात. कुणी 'बुकिंग.*.*.नवे' असा दुसरा पॅटर्न जोडायला सांगेल, ते ऐकू नका. गावाचं नाव तुमच्याकडे फॉर्ममधून जसंच्या तसं कीमध्ये जातं असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे सांताक्रूझला कोण 'सें. क्रूझ' लिहितं, कोण पूर्ण. त्या 'सें' पुढच्या टिंबाने तिसवाडीतल्या बुकिंगच्या कीचे पाच शब्द होतील आणि तो दुसरा पॅटर्नही कोरडा राहील. खरं तर माणसाने टाइप केलेलं काहीच कीमध्ये जाऊ नये, गावाला एक कोड द्या. इंग्रजीत की असतील तर कॅपिटल-स्मॉलचाही फरक धरला जातो, तेही एकदा बघून घ्या.

दुसरं, रद्दवाली न थांबणं. बाइंडिंग्जच्या तक्त्यात तुमच्या पॅटर्नच्या एक नाही, तीन ओळी दिसतील अशी माझी पैज: मूळ तारेवाली, मधली 'बुकिंग.#' आणि आताची 'बुकिंग.#.नवे'. सेवा सुरू होताना लायब्ररी क्यू घोषित करते आणि बाइंडिंग जोडते. जुनं काढणं ती स्वतःहून करत नाही. क्यू आणि एक्स्चेंज दोन्ही ड्युरेबल (रीस्टार्टनंतरही टिकणारे) असल्यामुळे पावसात लाइट जाऊन सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी ते बाइंडिंग तसंच राहणार. हे पटकन लक्षात येत नाही याचं कारण, एकाच मेसेजला एकाच क्यूची तीन बाइंडिंग्ज जुळली तरी मेसेज क्यूमध्ये एकदाच पडतो. दुबार आले असते तर तुम्ही केव्हाच शोधलं असतं.

काढताना क्रम पाळा. आधी नवं बाइंडिंग तक्त्यात आलंय याची खात्री, मगच जुन्या दोन ओळींपुढचं अनबाइंड दाबा. उलट केलंत तर मधल्या वेळातले मेसेज गेले. आणि क्यूच डिलीट करून नव्याने बनवायचा मोह होईल, तो आवरा, आत साचलेलं सगळं जाईल.

तिसरं, बार्देश. इथे एक खूण धरा. ठरावीक जातीचेच मेसेज गळत असतील तर दोष पॅटर्नचा. कसलाच ताळमेळ नसेल, आज हे गेलं उद्या ते, तर एकाच क्यूवर दुसरं कुणीतरी बसलंय. कन्झ्युमर्सच्या तक्त्यात किती ओळी आहेत? हिशेब सेवेची एकच प्रत चालत असताना दोन दिसल्या तर दुसरीचा आयपी पत्ता बघा. बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी लॅपटॉपवरची चाचणीची प्रत निघते, खऱ्या ब्रोकरचा पत्ता आणि खऱ्या क्यूचं नाव घेऊन बसलेली. पोदेर (पाववाला) गेटच्या पिशवीत पाव टाकून जातो आणि त्याच पिशवीत शेजारीही हात घालतो, तसं हे. ब्रोकर आळीपाळीने दोघांना वाटतो आणि दोघेही 'मिळालं' म्हणून अ‍ॅक देतात, तक्रार करणार कोण? पणजीत पट्टोवरच्या एका हापिसात मी हा प्रकार पाहिलाय. तिथे सगळे नेटवर्कला दोष देत होते.

उपाय म्हणजे चाचणीसाठी वेगळा व्हीहोस्ट (त्याच ब्रोकरवरचा स्वतंत्र कप्पा) आणि वेगळा युजर, ज्याला खऱ्या व्हीहोस्टची परवानगीच नाही. नुसतं "कुणी जोडू नका" सांगून भागत नाही. आणि त्या पानावरचं गेट मेसेज बटण वापरताना अ‍ॅक मोड नीट निवडा. ऑटोमॅटिक अ‍ॅक ठेवलात तर बघता बघता मेसेज तुम्हीच संपवाल.

अनअ‍ॅक्ड आकडा, म्हणजे दिलेले पण पोच न आलेले मेसेज, फुगत असेल तर गोष्ट निराळी, कोडमध्ये अ‍ॅक राहतोय. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तो शून्य आहे, तेव्हा सोडून द्या.

पुढच्या वेळी शोधाशोध नको म्हणून एक्स्चेंजला अल्टरनेट एक्स्चेंज लावा, फॅनआउट प्रकारचा (की न बघता सगळं पुढे देणारा), आणि त्याला 'बेवारस' नावाची क्यू. कुठेच न जुळलेले मेसेज त्यांच्या कीसकट तिथे जमतील. मात्र मेसेज निदान एका क्यूला जुळला तर इथे येत नाही. म्हणजे पाहुण्यांना एसएमएस पाठवणारी तुमची सेवा सगळं घेत असेल तर हिशेबाची गळती 'बेवारस'मध्ये दिसणार नाही. हे कोडमधून न करता पॉलिसीने (ब्रोकरवर लावलेल्या नियमाने) करा. डेड लेटरचंही (नाकारलेले मेसेज दुसरीकडे वळवण्याचंही) तसंच: आधीच असलेली क्यू कोडमध्ये नवे आर्ग्युमेंट घालून घोषित केलीत की ४०६, प्रीकंडिशन फेल्ड, आणि चॅनल बंद. पॉलिसी चालू क्यूलाही लागते.

राहिला गेलेला हिशेब. अ‍ॅक झालेले मेसेज ब्रोकरकडे नाहीत, ते बुकिंगच्या टेबलातून काढून पुन्हा पाठवावे लागतील. पण नेहमीच्या एक्स्चेंजवर टाकू नका, नाहीतर गेल्या महिन्यात राहून गेलेल्या पाहुण्याला आज "तुमचं बुकिंग पक्कं" असा एसएमएस जाईल. डीफॉल्ट एक्स्चेंजवर, रूटिंग कीच्या जागी हिशेबाच्या क्यूचं नाव देऊन पाठवा. ते थेट त्या एका क्यूमध्येच पडतात. त्याआधी हिशेब सेवा बुकिंग क्रमांक आधी नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा नोंदत नाही ना, ते तपासा.