डिलिव्हरीचा रूट लावताना

भाऊ, डिलिव्हरीचा रूट लावायला ॲप घेण्याआधी पत्ते नीट कर. ‘मारुती मंदिरामागे, निळं गेट’ एवढ्यावर कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागव. पहिल्यांदा माल पोचवशील तेव्हा गेटसमोर उभा राहूनच पिन सेव्ह कर. माझा निम्मा वेळ तिथेच वाचला.

गूगल मॅप्समध्ये थांबे टाकता येतात, पण क्रम आपणच लावायचा. घरं वाढली की क्रम लावून देणारं ॲप घे. तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नकोस. आमच्या सांगलीत बाजारातल्या गणपती पेठेतला माल मी गर्दीआधी, सकाळीच उरकतो, विश्रामबाग-मिरज नंतर. ती वेळ ॲपमध्ये घालता येते.

आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाशी कृष्णा नदी ४० फुटांकडे, म्हणजे इशारा पातळीकडे सरकली, की पुलापलीकडच्या सांगलीवाडीच्या ऑर्डरी सगळ्यात आधी पोचव.